तीन टन पाणी

कापलेलं गवत लगेच मरत नाही. पात्याखाली आडवं झाल्यावरही त्याच्या पेशी श्वास घेत राहतात, आणि त्या श्वासाला लागणारी साखर गवताच्याच अंगातली असते. गाईच्या पोटात जायची साखर अशी रानातच हवेत विरते. ओलावा ४० टक्क्यांच्या आसपास उतरला की मग कुठे हा खर्च थांबतो. तोवर गवत स्वतःलाच खात असतं. चारा वाळवणाऱ्याला पहिली घाई असते ती यामुळे. पावसाची भीती त्यानंतरची.

उभ्या हिरव्या गवतात ७५ ते ८० टक्के पाणी असतं. गठ्ठे बांधून कोठारात ठेवायचं तर ते १८ टक्क्यांपर्यंत खाली आणावं लागतं. आता ८० टक्के धरून हिशेब करा. एक टन वाळलेलं गवत घरात यायला चार टनांहून थोडं जास्त हिरवं गवत कापावं लागतं आणि त्यातलं तीन टनांहून थोडं जास्त पाणी रानातच सोडावं लागतं. एकरी दीड-दोन टन उतारा धरला तर दहा एकरांच्या तुकड्यातून पन्नास-साठ हजार लिटर पाणी उडवायचं. हे काम ऊन आणि वारा फुकट करतात. शेतकऱ्याचं काम एवढंच की त्यांना ते लवकर करू द्यायचं आणि काम झाल्या घडीला गवत उचलायचं.

आपल्याकडे यात फारशी धावपळ नसते. परतीचा पाऊस गेला की कोकणातलं, माळावरचं गवत उभ्या उभ्या वाळतं. विळा घेऊन कापलं, पेंढ्या बांधल्या, गंजी रचली. अमेरिकेच्या ईशान्येला, पेनसिल्व्हेनिया, न्यूयॉर्क, व्हरमाँट या पट्ट्यात, अशी कोरडी सुगी नाही. तिथे पाऊस बाराही महिने थोडा थोडा पडत असतो. त्यात पंचाईत अशी की टिमोथी किंवा ऑर्चर्ड ग्रास या तिथल्या नेहमीच्या गवतांना मेअखेर ते जूनमध्ये कणसं फुटतात आणि कापणीची योग्य वेळ तीच. कणीस बाहेर पडलं की काडी निबर होत जाते आणि प्रथिनं घटतात. पंधरा दिवस थांबलात तर गठ्ठे जास्त भरतील, पण गाय त्यावर दूध देणार नाही. म्हणजे गवत तयार होतं ते नेमकं पावसाच्या भरवशावर. हवामान खात्याने सलग तीन कोरडे दिवस सांगितले की त्या दिवसांत कापणं, उलटवणं, ओळी करणं, गठ्ठे बांधणं आणि छपराखाली नेणं, सगळं उरकावं लागतं.

ज्याच्याकडे पंधरा-वीस एकर गवत, चार गाई, काही मेंढ्या किंवा दोन घोडे आहेत त्याच्यापुढे इथे तिढा पडतो. गठ्ठे बांधणारा नवा बेलर एखाद्या नव्या मोटारीच्या किमतीचा. वर्षातून मोजके दिवस चालणाऱ्या यंत्रात एवढा पैसा अडकवणं कोणत्याच हिशेबात बसत नाही. भाड्याने करून घ्यावं, तर बेलरवाला शेजारी त्याच तीन दिवसांत आधी स्वतःचं रान उरकणार, मग मोठ्या गिऱ्हाइकाचं, आणि तुमच्या बांधावर पोचेल तेव्हा आभाळ भरून आलेलं असणार. यात त्याचाही दोष नाही. कोरडे दिवस सगळ्यांचे एकच असतात. म्हणून छोटा शेतकरी जुनी यंत्रं घेतो. त्यात पैसा वाचतो हे खरं, पण माझ्या मते मोठी गोष्ट वेगळी आहे: कापायचं कधी हे त्याचं तो ठरवू शकतो. त्या बदल्यात त्याला हातात पाना धरायला शिकावं लागतं.

अशी यंत्रं तिथे मिळतात तरी कुठून? याचं उत्तर आयोवा राज्यातल्या पेला गावात आहे. १९७१ साली तिथल्या गॅरी व्हर्मीर यांनी गवताची मोठी गोल गुंडाळी करणारा बेलर तयार केला. काहीशे किलोची ती गुंडाळी ट्रॅक्टरच्या काट्यांनी उचलायची. एकटा माणूस सगळं रान उरकू शकतो. गठ्ठे उचलायला मजूर मिळेनासे झाले होते, त्यामुळे मोठी शेतं पुढच्या काळात झपाट्याने गोल गुंडाळ्यांकडे वळली. मागे राहिले लहान चौकोनी गठ्ठे बांधणारे बेलर, त्यांच्या जोडीच्या कापण्या आणि दाताळी. ती कोठारात पडून राहिली, मालक म्हातारे झाले आणि शेती मोडताना होणाऱ्या लिलावांत ती निघू लागली. घोडेवाल्यांना आणि दोन-चार जनावरं पाळणाऱ्यांना मात्र अजून तोच हाताने उचलता येणारा १८ ते २७ किलोंचा गठ्ठा हवा असतो आणि त्याला ते भाव चांगला देतात. मोठ्या शेतकऱ्याने टाकलेलं यंत्र आणि मोठ्या शेतकऱ्याने सोडलेलं गिऱ्हाईक, दोन्ही छोट्याच्या पदरात पडतं.

जुन्या यंत्राबद्दल एक भीती असते ती सुट्या भागांची. पण चौकोनी बेलरचा मूळ आराखडा १९६०च्या दशकापर्यंत जवळपास पक्का झाला आणि त्यानंतर फारसा हललाच नाही. त्यामुळे पन्नास वर्षांच्या बेलरला लागणारे कितीतरी भाग आजही नवे मिळतात.

कापणीच्या यंत्रापासून सुरुवात करू. छोट्या शेतावर अजून टिकून असलेली कापणी म्हणजे सिकल बार: ट्रॅक्टरच्या उजव्या बाजूला जमिनीलगत पसरलेली सहा-सात फुटांची पट्टी. तिच्यावर तीन-तीन इंचांची त्रिकोणी पाती रिव्हेट केलेली असतात. पट्टी डावी-उजवीकडे सरकते आणि पाती समोरच्या लोखंडी बोटांमधून ये-जा करतात. ही कल्पना जुनी आहे. सायरस मॅक्कॉर्मिक यांनी १८३१ मध्ये व्हर्जिनियात धान्यकापणीचं यंत्र चालवून दाखवलं, ओबेड हसी यांना १८३३ मध्ये पेटंट मिळालं, आणि दोघांच्या यंत्रांत पातं असंच सरकत होतं.

सिकल बार कापतो कात्रीसारखा. एक पातं हलतं आणि दुसरं, म्हणजे बोटाच्या आत बसवलेली पोलादी चकती, स्थिर असते. हे ध्यानात घेतलं की जुनी कापणी घेताना काय पाहायचं ते आपोआप समजतं. बहुतेक जण हलणारी पाती धार लावून चकचकीत करतात आणि बोटांतल्या बोथट चकत्यांकडे पाहतच नाहीत. मग गवत कापलं न जाता पात्याखाली दुमडतं आणि सगळी पट्टी चोंदते. दुसरी बाब जुळणीची. पट्टी आपल्या फेरीच्या टोकाला पोचली की प्रत्येक पातं बोटाच्या बरोबर मध्यावर यायला हवं. अर्धा इंच अलीकडे राहिलं तर प्रत्येक झेपेत काही काड्या सुटतात आणि रानात शेंडीसारखे पट्टे उभे राहतात. तिसरी बाब डोळ्याला विचित्र दिसते: रिकाम्या यंत्राच्या पट्टीचं बाहेरचं टोक आतल्या टोकापेक्षा थोडं पुढे असावं लागतं, फुटामागे साधारण पाव इंच. चालताना गवताचा दाब तिला मागे ढकलतो आणि ऐन कामात ती सरळ होते. जुन्या यंत्रांच्या बिजागऱ्या झिजलेल्या असतात, त्यामुळे बाहेरचं टोक मागे पडतं, पाती बोटांना घासतात आणि पट्टीला ढकलणारा दांडा मोडतो. हा दांडा जुन्या यंत्रांत मुद्दाम लाकडाचा करत. मोडायचाच असेल तर स्वस्त भाग मोडावा.

१९६४ मध्ये न्यू हॉलंड कंपनीने 'हेबाइन' नावाचं यंत्र आणलं. त्यात सिकल बारच्या मागे दोन रुळ असतात. कापलेलं गवत त्यांच्यातून पिळून निघतं, काड्या चिरडतात आणि पाणी बाहेर पडायला वाट मिळते. पानं लवकर वाळतात, काडी मागे राहते, आणि सगळं रान त्या काडीसाठी थांबतं. रुळांमुळे हे अंतर कमी होतं. वाळण्याचा वेळ बराच घटतो. पावसाळी मुलखात जुना हेबाइन मिळाला तर साध्या सिकल बारपेक्षा तोच घ्यावा, मग रुळांचं रबर थोडं उडालेलं असलं तरी हरकत नाही.

गवत उलटवणारं टेडर आणि ओळी करणारं दाताळं यांच्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. दोन्ही यंत्रं साधी असतात, मोडली तर दुपारभरात दुरुस्त होतात आणि लिलावात स्वस्त जातात. फक्त लसूणघासाचं गवत असेल तर वेळ सांभाळावी लागते. लसूणघासाचं बहुतेक प्रथिन पानात असतं आणि वाळलेलं पान बोटाच्या टिचकीने गळतं. भर दुपारी दाताळं फिरवलं तर पानं जमिनीत आणि काड्या कोठारात जातात. सकाळी दव असताना, पानं अजून लवचीक असताना, ओळी करायच्या आणि दुपारी गठ्ठे बांधायचे. टिमोथीसारख्या गवताला इतकं जपावं लागत नाही.

आता बेलर. पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर काउंटीत न्यू हॉलंड नावाचं गाव आहे आणि त्याच गावाचं नाव लावणारी, १८९५ मध्ये सुरू झालेली कंपनी. १९३०च्या दशकापर्यंत गवत दाबून गठ्ठे करणारी यंत्रं एका जागी उभी असत. गवत त्यांच्यापर्यंत वाहून आणायचं, माणसाने आत लोटायचं आणि दुसऱ्या माणसाने हाताने तार ओवून गठ्ठा बांधायचा. याच काउंटीतल्या एडविन नोल्ट या शेतकऱ्याने १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धात चालता चालता ओळ उचलणारा आणि सुतळीची गाठही स्वतःच मारणारा बेलर जुळवला. १९४० मध्ये न्यू हॉलंडने तो बाजारात आणला. तोवर डबघाईला आलेली कंपनी त्या एका यंत्रावर उभी राहिली.

बेलरची रचना वरवर सोपी आहे. पुढचे काटे ओळ उचलतात, सरकवणारी यंत्रणा गवत आडवं लोटते आणि लोखंडी चौकोनी नळीत एक जड दट्ट्या पुढेमागे आपटत गवत दाबतो. मिनिटाला साधारण ८० ठोके. दट्ट्याच्या बाजूला सुरी असते, ती प्रत्येक ठोक्याला लोटलेलं गवत छाटते. म्हणूनच चौकोनी गठ्ठा सोडला की पावाच्या कापांसारखे थर सुटे होतात. एक दातेरी चाक गठ्ठ्याच्या लांबीबरोबर फिरतं. ठरलेली लांबी झाली की ते एक खटका सोडतं आणि गाठ मारणारी यंत्रणा जागी होते.

ही गाठ जरा जवळून पाहावी. सुतळीचं एक टोक वर एका खाचांच्या चकतीत आधीच पकडलेलं असतं आणि गठ्ठा वाढेल तशी सुतळी त्याच्याभोवती ओढली जात असते. खटका सुटला की खालून दोन वाकड्या सुया वर येतात. त्या येतात थेट दट्ट्याच्या तोंडातल्या फटींतून, दट्ट्या गवत दाबून पुढे असताना. सुई सुतळीचा दुसरा पदर त्याच चकतीत आणून ठेवते. आता दोन्ही पदर पक्ष्याच्या चोचीसारख्या एका छोट्या आकड्यावर आडवे पडतात. आकडा स्वतःभोवती एक गिरकी घेतो, सुतळीचा फास त्याच्या अंगावर चढतो, चोच उघडते आणि दोन्ही टोकं पकडते. सुरी सुतळी कापते. एक हात फास आकड्यावरून खाली ओढतो, फास टोकांवरून सरकतो आणि गाठ आवळते. पुढच्या गठ्ठ्यासाठी नवं टोक चकतीत तसंच राहतं. हे सगळं दट्ट्याच्या एका ठोक्यात, म्हणजे पाऊण सेकंदात, दोन सुतळ्यांना एकाच वेळी घडतं. विस्कॉन्सिनच्या जॉन ॲपलबी यांनी १८७०च्या दशकात धान्याच्या पेंढ्या बांधण्यासाठी असा आकडा कामी लावला आणि आजचा बेलर अजून त्याच तत्त्वावर गाठ मारतो. यंत्राच्या पोटात वीज नाही, सेन्सर नाही. जे काय शहाणपण आहे ते लोखंडाच्या आकारात आहे.

सुतळीचीही एक कहाणी आहे. ती सायसल किंवा हेनेक्वेन या घायपातवर्गीय झाडांच्या धाग्याची, आणि हेनेक्वेन येई मेक्सिकोतल्या युकातानमधून. धान्य बांधणाऱ्या यंत्रांनी तिची मागणी इतकी वाढवली की कंपन्यांच्या मक्तेदारीला वैतागलेल्या शेतकऱ्यांसाठी मिनेसोटा राज्याने १८९०च्या दशकात स्टिलवॉटरच्या तुरुंगात सुतळीचा कारखाना काढला. कैद्यांनी वळलेली सुतळी शेतकऱ्यांना स्वस्तात मिळू लागली. आता प्लास्टिकची सुतळीही मिळते आणि ती कुजत नाही, पण जनावराच्या पोटात गेली तर पचतही नाही. काही जुने बेलर तारेने बांधणारे आहेत. ते मी कुणाला सुचवणार नाही. तारेचा तुकडा चाऱ्यातून गाईच्या पोटात गेला की जाळीपोटातून हृदयापर्यंत टोचू शकतो.

जुना बेलर घ्यायला गेलात तर मालकाने ट्रॅक्टर सुरू करून आवाज दाखवण्यापूर्वी त्याला यंत्र बंद ठेवायला सांगा. बाजूचं जड चाक हाताने फिरवा, खटका सोडा आणि गाठ मारण्याची सगळी फेरी सावकाश डोळ्यांनी पाहा. सुया दट्ट्याच्या फटींतून न घासता वर जातात का? आकडा गंजलेला आहे की सुतळीने घासून आरशासारखा झालेला आहे? गंजलेल्या आकड्यावरून फास सुटत नाही. दट्ट्या धरून हलवा. तो नळीत डगमगत असेल तर सुरीचं अंतर बिघडलेलं असणार, गवत छाटलं जाण्याऐवजी फाटत असणार आणि गठ्ठे वेडेवाकडे निघत असणार. सुया वर असताना दट्ट्या पुढे येऊ नये म्हणून एक लोखंडी अडसर असतो. तो काम करतो का, ते बघा. तो निकामी असेल तर सुया आज ना उद्या मोडतील, आणि सुई महाग असते. जड चाकात एक बोल्ट असतो जो मुद्दाम तुटण्यासाठी ठेवलेला असतो. तिथे कुणी जाडा, कडक बोल्ट घातलेला दिसला तर समजा की या मालकाला बोल्ट पुन्हा पुन्हा तुटत होता, त्याने कारण न शोधता तक्रार बंद केली आणि तो ताण यंत्रात दुसरीकडे कुठे तरी बसला आहे. रंग नवा असेल तर जास्तच बारकाईने पाहा. कोठारात ठेवलेला, रंग उडालेला, ग्रीसने माखलेला बेलर उघड्यावर ठेवून नव्याने रंगवलेल्यापेक्षा केव्हाही चांगला.

ट्रॅक्टरचा प्रश्न त्यानंतर येतो. अमेरिकेतल्या छोट्या शेतांवर अजूनही भेटणारा जुना ट्रॅक्टर म्हणजे फोर्डचा ८एन. १९४७ ते १९५२ मध्ये ५ लाखांहून जास्त विकला गेला. मागे अवजार जोडायची हॅरी फर्ग्युसन यांची तीन बिंदूंची रचना त्यात होती, तीच जी आज आपल्या प्रत्येक ट्रॅक्टरला असते. दाताळं ओढायला तो उत्तम, पण बेलरला जोडला की अडचण येते. त्याचा पीटीओ, म्हणजे अवजाराला फिरवणारा मागचा दांडा, गिअरबॉक्समधूनच चालतो. क्लच दाबला की ट्रॅक्टर थांबतो आणि बेलरही थांबतो. ओळीत गवताचा ढीग आला, ट्रॅक्टर जरा थांबवून बेलरला तो गिळू द्यावा म्हटलं, तर तेच जमत नाही. उलटा प्रकारही घडतो: ब्रेक दाबला तरी बेलरचं जड चाक आपल्या वेगाने फिरत राहतं आणि पीटीओमधून ट्रॅक्टरलाच पुढे ढकलतं. बांधाशी किंवा कुंपणाशी वळताना हे जिवावर बेतू शकतं. मधे एकाच दिशेने ताकद जाऊ देणारं जोडकाम, ओव्हररनिंग क्लच, बसवलं की ढकलणं थांबतं. पहिली अडचण मात्र उरतेच. तिला उपाय दोन टप्प्यांच्या क्लचचा ट्रॅक्टर. क्लच अर्धा दाबला की चाकं थांबतात आणि पीटीओ फिरत राहतो. मॅसी फर्ग्युसनच्या ३५ आणि १३५ मालिकांतले असे ट्रॅक्टर तिथे जुन्या बाजारात मिळतात. चेन्नईच्या टॅफे कंपनीचा १०३५ याच घराण्यातला आहे आणि मराठी गावांत तो नवा नाही.

पीटीओचा दांडा मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला ९. जुन्या यंत्रांवरचं त्याचं प्लास्टिकचं किंवा पत्र्याचं आवरण बहुधा तुटून गेलेलं असतं. शर्टाची बाही किंवा जॅकेटची दोरी त्यात अडकली तर हात मागे घेण्याइतका वेळ माणसाला मिळत नाही. आवरण हा सगळ्या यंत्रसंचातला स्वस्त भाग आहे. तो विकत घेऊन बसवल्याशिवाय यंत्र रानात नेऊ नये, आणि बेलर चोंदला तर ट्रॅक्टर बंद करून चाक थांबेपर्यंत हात आत घालू नये. इतर बाबतींत जुन्या यंत्राशी जुळवून घेता येतं, इथे नाही.

आता परत पाण्याकडे. गवत वाळलं की नाही हे कसं ओळखायचं? जुने लोक मूठभर गवत घेऊन दोन्ही हातांनी पिळतात. काड्या तडतडून मोडायला लागल्या, पिळून ओलावा जाणवला नाही, तर झालं. काडीवर नखाने खरवडायचं. साल सुटत नसेल तर काडी आतून कोरडी. ज्यांना आकडा हवा त्यांच्यासाठी स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह आहे. बारीक कापलेलं १०० ग्रॅम गवत आणि कोपऱ्यात पेलाभर पाणी ठेवायचं, थोडा वेळ गरम करून वजन करायचं, पुन्हा गरम करून पुन्हा वजन. वजन उतरायचं थांबलं आणि ८२ ग्रॅम उरले, तर गवतात १८ टक्के पाणी होतं. पाण्याचा पेला विसरू नये, नाहीतर गवत पेट घेतं.

ओलं गवत दाबून रचलं तर कोठारही पेट घेऊ शकतं, आणि तिथे ठिणगी लागत नाही. आधी गवताचा स्वतःचा श्वास उष्णता देतो, मग बुरशी आणि जिवाणू ती ६५-७० अंशांपर्यंत नेतात. त्या तापमानाला जिवाणू मरतात, पण तोवर रासायनिक क्रिया सुरू झालेल्या असतात आणि त्या आपल्या आपण तापत जातात. गंजीच्या मधोमध तापमान ६५ अंशांपुढे गेलं तर दिवसाकाठी पाहत राहायचं, ८० अंशांपुढे गेलं तर अग्निशमन दलाला बोलवायचं. गठ्ठे घाईने ओढून काढायचे नाहीत. आतल्या तापलेल्या गवताला हवा मिळाली की भडका उडतो. रचल्यानंतर पाच-सहा आठवडे तरी हा धोका राहतो. जुने शेतकरी शंका आली की थरांमध्ये मीठ पसरत. आता गठ्ठा बांधताना प्रोपिओनिक आम्ल फवारायची सोय असते. पण हे उपाय १८ टक्क्यांचे २२ झाले तर उपयोगाचे. ३० टक्क्यांचं गवत मिठाने वाळत नाही.

रचताना खालचा थर आडव्या कुशीवर ठेवतात, म्हणजे सुतळी जमिनीला टेकून कुजत नाही. वरचे थर विटांसारखे सांधे चुकवून.

लँकेस्टर काउंटीतल्या आमिश शेतकऱ्यांना धर्मनियमाने रानात ट्रॅक्टर चालवता येत नाही. त्यांनी बेलर नाकारला नाही. बेलरवर वेगळं इंजिन बसवायचं आणि सगळं खेचराच्या जोड्यांनी ओढायचं, असा मधला मार्ग काढला. दट्ट्या आणि गाठ इंजिनवर, चाकं खेचरांवर. म्हणजे ८एनवाल्याला जी अडचण होती, ती यांना कधी आलीच नाही. खेचरं थांबली तरी बेलर चालूच. त्यांच्या वस्त्यांमध्ये जुनी अवजारं दुरुस्त करणारी, नवे भाग घडवणारी दुकानं अजून गजबजलेली असतात आणि आसपासचे ट्रॅक्टरवाले शेतकरीही तिथेच जातात.

आपल्याकडे बेलर आला तो गवतासाठी नाही. पंजाब-हरियाणात भाताचे खुंट जाळू नयेत म्हणून, महाराष्ट्रात उसाचं पाचट गोळा करायला म्हणून. गवताच्या बाबतीत आपली अडचण तिथल्यापेक्षा उलटी आहे. ऑक्टोबरनंतर उन्हाची कमतरता नसते, पण तोवर कुसळीसारख्या गवताला बी धरून कुसळं टोकदार झालेली असतात, काडी निबर झालेली असते आणि जनावराच्या तोंडाला कुसळं टोचतात. फुलोऱ्यात कापावं तर पाऊस डोक्यावर. ज्याच्या माळावर सप्टेंबरअखेरीस दोन-तीन दिवसांची उघडीप मिळते त्याला ईशान्य अमेरिकेतल्या शेतकऱ्याइतकीच घाई करावी लागेल, आणि चिरडून वाळवणारा हेबाइन त्याच्या कामाचा आहे. हातकापणी परवडेनाशी होत चालली आहे, त्यामुळे हा विचार लवकरच कुणीतरी करेल.

तोवर तिथल्या जुन्या बाजाराचा एक नियम इथेही लागू पडेल. चालता बेलर जूनमध्ये कुणी विकत नाही. जूनमध्ये विकायला निघालेल्या बेलरमध्ये काही तरी बिघडलेलं असतं. खरेदी हिवाळ्यात करावी. तेव्हा मालकाला जागा हवी असते, यंत्र उघडून पाहायला वेळ असतो आणि लागणारा आकडा किंवा सुई मागवली तर गवत कापायला येईपर्यंत हातात पडते. आणलेल्या बेलरच्या नळीतलं गेल्या वर्षीचं गवत पहिल्याच दिवशी काढून टाकावं. ते ओल धरून ठेवतं, आणि आतला पत्रा कुजतो तो तिथूनच.